अर्जापासून बिलापर्यंत: नागपूरच्या कॉम्प्युटर शिक्षकाने टेक कॉन्फरन्सला कसं जावं

कपाटातली प्रमाणपत्रांची फाइल दरवर्षी जाड होते आणि लॅब मॅन्युअल मात्र पाच वर्षांपूर्वीचंच राहतं, हे चित्र आपल्याकडच्या बऱ्याच कॉम्प्युटर विभागांत दिसतं. सेमिनार होतात, एफडीपी (शिक्षकांसाठीचे प्रशिक्षण कार्यक्रम) होतात, कॉन्फरन्सचे ग्रुप फोटो नोटीस बोर्डावर लागतात; पण सेमिस्टरच्या दहा प्रॅक्टिकलांपैकी एकही त्यामुळे बदललेलं नसतं. माझं मत सरळ आहे. ज्या कार्यक्रमामुळे तुमचं एखादं तरी प्रॅक्टिकल बदलण्याची शक्यता नाही, त्यासाठी रजा आणि पैसे खर्च करू नका. पदोन्नतीसाठी जावं लागतं ते वेगळं, त्याचा हिशेबही वेगळा ठेवा. पुढे जे लिहिलं आहे ते दोन्ही हिशेब सांभाळून कसं जायचं याबद्दल.

आधी लॅबमधला प्रश्न, मग कार्यक्रम

बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या कॉन्फरन्सचं पत्रक येतं, ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ असं मोठ्या अक्षरात दिसतं, आणि जावंसं वाटतं. त्याआधी आपला अभ्यासक्रम उघडा आणि दोन खुणा करा: मुलं दरवर्षी कुठे अडकतात, आणि आपण स्वतः कोणता भाग घाईघाईत उरकतो. दुसरी खूण जास्त महत्त्वाची, आणि ती कुणाला दाखवायची गरज नाही.

त्यातून एकच प्रश्न निवडा आणि तो जितका बारीक करता येईल तितका करा. ‘मला क्लाउड शिकायचं आहे’ हा प्रश्न नव्हे. ‘मुलं प्रोजेक्टचा कोड झिप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, साठ-सत्तर जणांचं काम गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावर) घेतलं तर मी एकटा ते तपासू कसं?’ हा प्रश्न. ‘डीबीएमएसच्या (डेटाबेसच्या) लॅबमध्ये आम्ही अजून टेबल तयार करा, डिलीट करा एवढंच करतो; इंडेक्समुळे क्वेरीचा वेग बदलतो हे मुलांना डोळ्यांनी दिसेल असा डेटा कुठून आणू?’ हाही प्रश्न. असा प्रश्न खिशात असला की शंभर सत्रांच्या वेळापत्रकातून आपल्या कामाची तीन सत्रं पाच मिनिटांत सापडतात. नसला तर माणूस दोन दिवस या हॉलमधून त्या हॉलमध्ये फिरतो आणि पिशवी, टी-शर्ट, स्टिकर घेऊन परत येतो.

कोणता कार्यक्रम कशासाठी

एफडीपीपासून सुरू करू, कारण तिचा संबंध थेट पदोन्नतीशी आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत कॅससाठी, म्हणजे शिक्षकांच्या पदोन्नतीच्या योजनेसाठी, जे कार्यक्रम धरले जातात, त्यांत एफडीपीला किमान एका आठवड्याची, म्हणजे पाच दिवसांची अट आहे. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) अटल अकादमीचे कार्यक्रम याच कामाचे. दोन दिवसांची कॉन्फरन्स कितीही उत्तम असली तरी ती या रकान्यात बसत नाही. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा: एक एफडीपी फाइलसाठी, एक कार्यक्रम लॅबसाठी. एकाच कार्यक्रमाकडून दोन्हीची अपेक्षा केली की दोन्ही अर्धवट राहतात.

शोधनिबंधाच्या कॉन्फरन्स हा दुसरा प्रकार, आणि फसवणूक सगळ्यात जास्त इथेच. पेपर पाठवल्यावर दोन दिवसांत ‘अभिनंदन, तुमचा निबंध स्वीकारला आहे’ असं उत्तर आलं, आणि त्याच पत्रकात अभियांत्रिकी, व्यवस्थापन, औषधशास्त्र आणि समाजशास्त्र सगळेच विषय असले, तर पैसे भरू नका. आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचा लोगो दिसला की थेट आयईईईच्या संकेतस्थळावरच्या कॉन्फरन्सच्या शोधात ते नाव टाकून बघा; लोगो चिकटवायला काही लागत नाही. ‘स्कोपस इंडेक्स्ड’ (स्कोपस या संशोधनाच्या सूचीत नोंदलेलं) असं आधीच छापलेलं असेल तर मागच्या वर्षांची प्रोसीडिंग्ज स्कोपसवर खरोखर दिसतात का ते तपासा. होणाऱ्या कॉन्फरन्सच्या इंडेक्सिंगची हमी आयोजक देऊ शकत नाहीत, कारण तो निर्णय त्यांच्या हातात नसतो. आणि कुणी अजूनही ‘यूजीसी केअर’ या मान्य नियतकालिकांच्या यादीचं आमिष दाखवत असेल तर लक्षात असू द्या, ती यादी यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली आहे.

तिसरा प्रकार म्हणजे प्रोग्रामरांनी प्रोग्रामरांसाठी भरवलेले कार्यक्रम. शिक्षकाच्या दृष्टीने सगळ्यात कसदार हेच, आणि आपण लोक सगळ्यात कमी जातो तेही इथेच. पायथॉन भाषेची कॉन्फरन्स पायकॉन इंडिया २००९ पासून भरते, स्वयंसेवक चालवतात, आणि तिथे भाषणांसोबत वर्कशॉप आणि डेव्हस्प्रिंट्स असतात. म्हणजे ओपन सोर्स प्रकल्पाच्या मूळ लोकांशेजारी बसून त्यात प्रत्यक्ष काम करायचं. गुगल डेव्हलपर ग्रुप्सचा डेव्हफेस्ट जगभर गावोगावी होतो, नागपुरातही हा ग्रुप आहे. अडचण एवढीच की डेव्हफेस्टचा मोसम साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आपल्या विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षांचाही तोच.

कंपन्यांचे कार्यक्रम चौथे. त्यांतली निम्मी भाषणं विक्रीची असतात हे धरूनच जावं. फुकट असतात, जेवण चांगलं असतं, आणि स्टॉलवर उभे असलेले इंजिनिअर बोलायला मोकळे असतात. या तिसऱ्या कारणासाठी जायला हरकत नाही.

ज्यांनी आजवर असा एकही कार्यक्रम पाहिला नाही, त्यांनी लगेच बेंगळुरूचं तिकीट काढू नये. परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमधल्या (विमानतळाजवळच्या औद्योगिक क्षेत्रातल्या) एखाद्या कंपनीत कार्यक्रम असला तर आधी तिथे जाऊन बसा. मिहानकडे जायचं तर मेट्रोने खापरीपर्यंत जाता येतं. पुढचं वाहन आधीच ठरवून ठेवा.

रजा: डीएल आणि सीएचबी

नियमित प्राध्यापकाला सेमिनार, कॉन्फरन्स, एफडीपी यांसाठी ड्युटी लीव्ह (डीएल) मिळू शकते. यूजीसीच्या नियमावलीत त्याची मर्यादा एका शैक्षणिक वर्षात ३० दिवस अशी आहे. ‘मिळू शकते’ आणि ‘मिळते’ यांत प्राचार्यांचं केबिन असतं. तिथे जाताना तीन कागद हातात ठेवा: कार्यक्रमाचं वेळापत्रक, तुमच्या तासांची बदली व्यवस्था (सहकाऱ्यांच्या सह्यांसकट), आणि परत आल्यावर विभागासाठी काय कराल याच्या दोन ओळी. तोंडी ‘जोशी मॅडम घेऊन घेतील’ यावर एचओडी (विभागप्रमुख) सही करत नाहीत, आणि करूही नये.

पैशांची गोष्ट निघाली की नॅकचं (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचं) नाव काढा. स्वयंमूल्यमापन अहवालात शिक्षकांना कॉन्फरन्ससाठी किती आर्थिक मदत दिली याचा मेट्रिक ६.३.२ मध्ये हिशेब द्यावा लागत आला आहे. ‘सर, माझ्या नोंदणी शुल्काची पावती आयक्यूएसीच्या कामी येईल’ (आयक्यूएसी म्हणजे कॉलेजचा गुणवत्ता कक्ष) हे वाक्य ‘सर, मला शिकायला मिळेल’ यापेक्षा लवकर पोचतं. वाईट वाटतं, पण असंच आहे.

तासिका तत्त्वावर (सीएचबी) काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सीएचबीवाल्याचा तास बुडाला की त्या तासाचे पैसे बुडाले, डीएलचा प्रश्नच येत नाही. त्यांनी शनिवार-रविवारचेच कार्यक्रम निवडावेत. प्रोग्रामरांचे बरेचसे कार्यक्रम तेव्हाच असतात. तास पुढेमागे करायचे असतील तर जाण्याआधीच्या आठवड्यात घेऊन टाका, ‘नंतर भरून काढतो’ म्हणू नका, कारण नंतर परीक्षा लागते. आणि आर्थिक मदतीचा अर्ज जरूर करा. पायकॉन इंडियासारख्या कार्यक्रमांत प्रवास आणि तिकिटासाठी मदत मागता येते. अर्जात गरिबीची कहाणी नको. तुम्ही किती मुलांना शिकवता आणि परत येऊन त्यांच्यासाठी काय कराल तेवढं लिहा. एक माणूस आला की त्याच्यामागे अख्खी बॅच येते हे आयोजकांना लगेच कळतं.

तिकीट

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. म्हणजे कार्यक्रमाची तारीख कळली की ६० दिवस मागे मोजा आणि कॅलेंडरवर खूण करा. रजेच्या मंजुरीची वाट बघत बसलात तर वेटिंग हाती येतं. तिकीट रद्द करता येतं, मंजूर झालेली रजा मात्र तिकिटाशिवाय वाया जाते.

नागपूर देशाच्या मध्यावर आहे याचा अभिमान आपल्याला फार, पण टेक कार्यक्रम होतात ते टोकांना. त्यातल्या त्यात हैदराबाद जवळ, सुमारे ५०० किलोमीटर, आणि २०२४ मध्ये सिकंदराबादची वंदे भारत सुरू झाल्यापासून जाणं सोपं झालं आहे. पुण्यासाठी अजनीहून वंदे भारत आहे, पण तिच्यात आख्खा दिवस बसून जातो. शनिवारी सकाळचं सत्र गाठायचं तर शुक्रवार सोडावा लागतो. रात्रीच्या गाडीने किंवा बसने रजेचा एक दिवस वाचतो, मात्र पहिल्या सत्रात डुलक्या येतात. मुंबईला दुरांतो किंवा सेवाग्राम बरी. बेंगळुरू सुमारे ११०० किलोमीटर. तिथे वर्षातून एकदाच जायचं असेल तर एका बाजूने विमान करायला प्राचार्यांना राजी करून बघा. आधी मात्र तुमच्या संस्थेच्या नियमांत विमान बसतं का ते लेखा विभागात विचारा, नाहीतर बिल परत येईल.

मुक्काम कार्यक्रमाच्या ठिकाणापासून चालत जाता येईल असा घ्या. बेंगळुरूत हॉटेलमधले वाचवलेले पैसे ट्रॅफिकमध्ये जातात, आणि रात्री उशिरा एकट्याने परतायचं असेल तर प्रश्न पैशांचाही राहत नाही.

लॅपटॉप घरूनच तयार करून न्या

हा भाग लोक सोडून देतात आणि वर्कशॉपचा पहिला तास घालवतात. कार्यक्रमाचं वाय-फाय तीनशे जणांनी एकदम डाउनलोड सुरू केलं की बसतं. वर्कशॉपच्या पानावर आधीची तयारी दिलेली असते: कोणती आवृत्ती, कोणती पॅकेजेस, कोणती डॉकर इमेज (सगळी साधनं आधीच बसवलेला तयार संच). ते सगळं नागपुरातच उतरवून एकदा चालवून बघा. कॉलेजचा लॅपटॉप नेत असाल तर त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड तुमच्याकडे आहे का बघा; लॅब असिस्टंट रविवारी फोन उचलत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड न्या. शेजारच्या चार जणांशी ओळख व्हायला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

तिथे गेल्यावर

निघताना स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतंच, “काहून जाऊन राहिले सर, सारं तर यूट्यूबवर येते!” भाषणांच्या बाबतीत ते बरोबर आहे. मोठ्या कार्यक्रमांची भाषणं बहुतेक वेळा रेकॉर्ड होतात आणि नंतर बघता येतात. म्हणूनच भाषणांसाठी जागेवर खिळून राहू नका. जे रेकॉर्ड होत नाही त्याला वेळ द्या: वर्कशॉप, एका विषयावर गोल करून होणाऱ्या गप्पा, चहाची रांग, भाषण संपल्यावर वक्त्याभोवती जमलेला घोळका.

वर्कशॉपमध्ये शिक्षकाने विचारायचे प्रश्न इतरांपेक्षा वेगळे. हे साधन ४ जीबी रॅमच्या मशीनवर चालतं का? इंटरनेट नसेल तर? लॅबमध्ये डीप फ्रीझ टाकलेलं आहे, मशीन बंद केलं की सगळं पुसलं जातं, मग मुलांचं काम कुठे ठेवायचं? खातं उघडायला क्रेडिट कार्ड लागतं का? हा शेवटचा प्रश्न हमखास विचारा, कारण बीएससीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाकडे कार्ड नसतं आणि क्लाउडचं अख्खं प्रॅक्टिकल त्या एका पानावर अडतं. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर क्लाउडचं विद्यार्थी खातं क्रेडिट कार्ड न मागता मिळतं, गिटहबचा स्टुडंट डेव्हलपर पॅक कॉलेजच्या ओळखीवर मिळतो, जेटब्रेन्सची कोड लिहायची साधनं शिक्षणासाठी मोफत आहेत, गुगलचं कोलॅब ब्राउझरमध्ये चालतं. बाकीच्या साधनांचं काय ते समोरच्यालाच विचारा. तुमच्या कॉलेजचा ईमेल पत्ता कॉलेजच्याच डोमेनचा असला तर यांतली निम्मी दारं लगेच उघडतात. नसेल तर परत येऊन आधी ते करून घ्या.

स्टॉलवर गेलात की एचआरकडे नव्हे, इंजिनिअरकडे जा. ‘आमच्याकडे प्लेसमेंटला या ना’ हे वाक्य त्यांनी सकाळपासून अनेकदा ऐकलेलं असतं आणि त्यावर ते कार्ड देऊन मोकळे होतात. त्याऐवजी विचारा: ‘नव्या मुलांना पहिल्या महिन्यात काय येत नाही?’ चेहरा बदलतो, माणूस बोलायला लागतो. दुसऱ्याचा कोड वाचता येत नाही, एरर मेसेज न वाचताच बंद करतात, कमांड लाइनला घाबरतात, अडलं तर दोन दिवस सांगत नाहीत. हे सगळं तुमच्या लॅबमध्ये शिकवता येण्यासारखं आहे, आणि त्यासाठी अभ्यासक्रम बदलायची वाटही बघावी लागत नाही. बोलणं रंगलं तर त्यांच्या कामातली एखादी खरी पण गुपित नसलेली छोटी समस्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मागा. हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिमपासून मुलांची सुटका होईल. तपासणाऱ्यांचीही.

‘सर’पण बाहेर ठेवून जावं. आपल्याकडे वय आणि पद बघून खुर्ची मिळते. तिथे वक्ता चोवीस वर्षांचा असतो आणि कधीकधी आपलाच जुना विद्यार्थी निघतो. त्याच्यासमोर ‘मला हे कळलं नाही, पुन्हा सांगशील?’ म्हणायला जीभ अडखळते. पण तो सांगतो, आणि आनंदाने सांगतो. मी शिक्षक आहे हे मात्र लपवू नका. शिक्षक आलेला बघून लोकांना खरंच बरं वाटतं, बहुतेकांच्या मनात आपल्या कॉलेजबद्दल काहीतरी बोलायचं राहून गेलेलं असतं.

फोटोंबद्दल: आपल्याला प्रत्येक गोष्टीचा जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो लागतो. या कार्यक्रमांत मात्र विचारल्याशिवाय फोटो काढू नये असा नियम असू शकतो, काही ठिकाणी फोटो नको असणाऱ्यांच्या गळ्यातली पट्टी वेगळ्या रंगाची असते. प्रवेशद्वाराच्या फलकाजवळ स्वतःचा एक फोटो काढा, आयक्यूएसीचं समाधान तेवढ्यावर होतं.

प्रमाणपत्र तिथूनच मागून घ्या. स्वयंसेवकांच्या कार्यक्रमांत हजेरीचं प्रमाणपत्र देण्याची पद्धत असेलच असं नाही. नोंदणी कक्षावर सांगितलं की ईमेलवर पत्र पाठवतात. नोंदणीची पावती कॉलेजच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह हवी असेल तर ती तिकीट काढतानाच मागावी लागते, नंतर बदलून मिळवणं कठीण.

परत आल्यावरचा आठवडा

बिल पहिल्या दोन दिवसांत टाका. तिकिटं, बोर्डिंग पास, हॉटेलचं बिल, नोंदणीची पावती, हजेरीचं पत्र, मंजूर रजेची प्रत. सगळ्यांच्या झेरॉक्स स्वतःकडे ठेवून मूळ कागद द्या. मार्च जवळ आला असेल तर आणखी घाई करा.

मग प्रॅक्टिकल. जो प्रश्न घेऊन गेला होतात त्याचं उत्तर एका पानावर लिहा आणि त्याच आठवड्यात एका बॅचवर करून बघा. सगळ्या बॅचेसवर नको. पहिल्यांदा वेळ चुकतोच, दोन तासांचं काम साडेतीन तासांचं निघतं, लॅबच्या अर्ध्या मशीनवर आवृत्ती जुनी असते. एका बॅचवर हे सगळं बाहेर येतं आणि दुसऱ्या बॅचपर्यंत सुधारता येतं. संलग्न कॉलेजात प्रॅक्टिकलची यादी विद्यापीठाची असते, ती आपल्याला बदलता येत नाही. पण यादीतलं प्रॅक्टिकल कोणत्या साधनाने, कोणत्या डेटावर करून घ्यायचं हे बहुतेक वेळा आपल्याच हातात असतं. स्वायत्त कॉलेजात असाल तर हेच पान अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठेवा. ‘मी असं करून पाहिलं, मुलांनी असं केलं’ यावर चर्चा होते. ‘हा विषय आता चालतो’ यावर फक्त माना हलतात.

ज्यांना भेटलात त्यांना चार ओळींचा ईमेल पाठवा, त्यांनी सांगितलेलं काय करून पाहिलं ते कळवा. पाहुणे म्हणून बोलवायचं ते यानंतर. ऑनलाइन एक तास म्हटलं तर बहुतेक जण हो म्हणतात, आणि प्रॅक्टिकलच्या वेळेत बोलावलं तर मुलंही जागी असतात.

पुढच्या वेळी बोलायला, त्याच्या पुढे बोलवायला

प्रेक्षक म्हणून एकदा जाऊन आलात की पुढच्या वर्षी प्रस्ताव पाठवा. शिक्षकांना वाटतं, कंपनीतल्या लोकांपुढे आपण काय सांगणार? साठ नवशिक्यांना एकाच जागी पॉइंटर किंवा रिकर्शन चुकताना बघितलेला माणूस त्या हॉलमध्ये तुमच्याशिवाय क्वचितच असेल. प्रस्तावात तंत्रज्ञानाची महती नको, काय शिकवलं, मुलं कुठे चुकली, काय बदललं, एवढं लिहा. पूर्ण भाषणाचं धाडस नसेल तर पाच मिनिटांच्या लाइटनिंग टॉकसाठी तिथेच नाव देता येतं.

आणि मग नागपुरात. कॉलेजचं सभागृह रविवारी रिकामंच असतं. तीस-चाळीस लोकांची मीटअप भरवायला पाहुण्यांचा विमानखर्च लागत नाही. मिहानमधली आणि परसोडीतली माणसं याच गावात राहतात. तारीख निवडताना विद्यापीठाच्या परीक्षा टाळा, आणि बाहेरगावचा वक्ता असेल तर डिसेंबरमधलं हिवाळी अधिवेशनही टाळा, त्या दिवसांत हॉटेल मिळत नाही. मे महिन्यात दुपारचा कार्यक्रम ठेवू नका, कूलर असला तरी. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ आणि अध्यक्षीय भाषण यांत तास घालवायचा नाही हे प्राचार्यांशी आधीच बोलून घ्या. त्यांना हवं तर सुरुवातीला पाच मिनिटं बोलतील आणि बहुधा तेही खूश होतील. लॅब उघडायची असेल तर पत्र गुरुवारपर्यंत कार्यालयात द्या. बाहेरून येणाऱ्यांच्या नावांची यादी गेटवर शनिवारीच पोचली पाहिजे, आणि तिच्यावर सही-शिक्का हवा, कारण रविवारी गेटवर जो गार्ड असतो तो एचओडींनाही ओळखत नाही.